शंभर रुपयांनी ताटात किती वाढतं? सरळ रेषेवर विश्वास ठेवण्याआधी

(या भागाचं लेखी रूप. बोलणं बोलण्यासारखंच ठेवलंय, फक्त आकडे मोबाईलवर वाचायला सोपे जावेत म्हणून ओळी पाडल्यात.)

मी बोलतेय ताडकळसहून, म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातून. आजच्या विषयाचं नाव जरा जड आहे: नॉनपॅरामेट्रिक आणि सेमीपॅरामेट्रिक रिग्रेशन. नाव ऐकून लगेच पुढचा भाग लावू नका. बारावीपर्यंत सरासरी काढायला शिकला असाल, तर आजचं सगळं तुम्हाला कळणार आहे.

प्रश्न साधा आहे. एखाद्या गरीब घराच्या हातात महिन्याला शंभर रुपये जास्त आले, तर त्या घरातल्या माणसाच्या पोटात किती जास्त जातं? रेशनवर धान्य द्यावं की खात्यावर पैसे टाकावेत, हा वाद तुम्ही ऐकला असेल. त्या वादातला मोठा भाग या एका आकड्यावर अडतो. शंभर रुपयांनी ताटात बरंच वाढत असेल तर एक धोरण शहाणपणाचं ठरतं, काहीच वाढत नसेल तर दुसरं. आणि हा आकडा किती निघतो, ते बऱ्याचदा अर्थतज्ज्ञानं ग्राफवर कोणती रेषा आखली यावर ठरतं. म्हणून आज रेषेबद्दल बोलू.

सात घरं आणि एक पट्टी

समजा गावातली सात घरं घेतली. प्रत्येक घराचे दोन आकडे: दर माणशी महिन्याचा खर्च आणि दर माणशी रोजच्या कॅलरी. (उत्पन्नाऐवजी खर्च का? शेतीचा पैसा हंगामात एकदम येतो, मजुरी कधी मिळते कधी नाही, त्यामुळे "महिन्याला किती कमावता?" याचं नीट उत्तर देणं अवघड असतं. खर्च त्यामानानं सांगता येतो.) हे आकडे मी फक्त समजावण्यासाठी बनवलेत, कोणत्या सर्वेक्षणातले नाहीत:

पहिलं घर: १५०० रुपये, १७०० कॅलरी
दुसरं: १८०० रुपये, १८५० कॅलरी
तिसरं: २००० रुपये, १९५० कॅलरी
चौथं: २२०० रुपये, २००० कॅलरी
पाचवं: २५०० रुपये, २१०० कॅलरी
सहावं: ४००० रुपये, २३५० कॅलरी
सातवं: ६००० रुपये, २४५० कॅलरी

आता नेहमीचं रिग्रेशन. पुस्तकी मराठीत याला समाश्रयण म्हणतात. सात ठिपक्यांमधून अशी सरळ रेषा काढायची, की ठिपक्यांपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी येईल. सरळ रेषेला दोनच आकडे लागतात: ती कुठून सुरू होते आणि किती चढते. या आकड्यांना पॅरामीटर म्हणतात, मराठीत प्राचल. आकार आधीच ठरलेला असतो, शोधायचे असतात ते फक्त हे दोन आकडे. म्हणून ही पद्धत पॅरामेट्रिक.

मी हिशोब केला. रेषेचा चढ आला शंभर रुपयांमागे साधारण १५ कॅलरी. आता पुन्हा घरांकडे बघा. पहिल्या घरापासून तिसऱ्या घरापर्यंत ५०० रुपये वाढले आणि कॅलरी वाढल्या २५०. म्हणजे गरीब टोकाला शंभर रुपयांमागे ५० कॅलरी. सहाव्या आणि सातव्या घरात २००० रुपयांचा फरक, कॅलरींचा फरक फक्त १००. म्हणजे सधन टोकाला शंभराला ५. रेषा दोघांनाही एकच सांगते: १५. गरिबाच्या बाबतीत ती फारच कमी सांगते, सधनाच्या बाबतीत फारच जास्त.

अजून एक बघा. १५०० रुपये खर्च करणारा माणूस रेषेच्या मते रोज साधारण १८४७ कॅलरी खातो. प्रत्यक्षात खातो १७००. जवळजवळ दीडशे कॅलरींची भूक रेषेनं कागदावरच मिटवून टाकली!

आता गंमत. शेवटची दोन सधन घरं काढून टाका आणि उरलेल्या पाच घरांवर पुन्हा रेषा आखा. चढ होतो शंभराला साधारण ४०. गरीब घराच्या ताटात यामुळे काही बदललं का? एक घासही नाही. तरी त्या घराबद्दलचं आपलं उत्तर १५ वरून ४० वर गेलं, केवळ दोन सधन घरं यादीत असण्या-नसण्यानं. आजच्या भागातून एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुष्कळ: सरळ रेषा आखली की गरिबाबद्दलचं उत्तर श्रीमंताचे आकडेही ठरवायला लागतात.

शेजाऱ्यांना विचारा

मग उपाय काय? आकार आधी ठरवायचाच नाही. २००० रुपये खर्चाच्या घरात किती खातात हे हवं असेल, तर त्या खर्चाच्या आसपासच्या घरांनाच विचारायचं. जो जवळचा त्याच्या शब्दाला जास्त वजन, लांबच्याला कमी, फार लांबच्याला शून्य.

करून बघू. ५०० रुपयांपर्यंतचेच शेजारी धरायचे. फरक शून्य असेल तर वजन १, फरक ५०० असेल तर वजन ०, मधे त्याच प्रमाणात उतरतं. २००० च्या घराचं वजन १. १८०० आणि २२०० ची घरं दोनशेनं लांब, त्यांचं वजन प्रत्येकी ०.६. १५०० आणि २५०० बरोबर काठावर, वजन शून्य. आता वजनदार सरासरी:

०.६ गुणिले १८५० = १११०
१ गुणिले १९५० = १९५०
०.६ गुणिले २००० = १२००

बेरीज ४२६०. वजनांची बेरीज २.२. भागाकार साधारण १९३६. झालं! हे नॉनपॅरामेट्रिक रिग्रेशन. असंच १६०० ला करा, १७०० ला करा, पुढे सरकत जा, आलेले ठिपके जोडा. जी वक्र रेषा मिळते ती तुम्ही ठरवलेली नसते, घरांनी सांगितलेली असते. सहा हजारवालं घर १९३६ या आकड्यात कुठंच डोकावत नाही.

या वजनदार सरासरीला नादाराया-वॉटसन पद्धत म्हणतात. दोघांनी ती वेगवेगळी मांडली, दोघांचेही लेख १९६४ चे. त्यातला वॉटसन यांचा लेख कुठं छापला गेला माहितीये? कोलकात्याच्या 'सांख्य' या नियतकालिकात, जे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३३ साली सुरू केलं होतं. आणि स्वतः महालनोबिस यांनी १९६० मध्येच याच्या जवळची एक युक्ती 'इकॉनोमेट्रिका'मध्ये मांडली होती. घरांना खर्चाच्या क्रमानं उभं करायचं, सारख्या संख्येचे गट पाडायचे, प्रत्येक गटाची सरासरी काढून ठिपके जोडायचे. हेच दोन वेगळ्या नमुन्यांवर करायचं. दोन रेषांच्या मधे जेवढी फट, तेवढी आपल्या उत्तरात अनिश्चितता. कागद-पेन्सिलीनं करता येईल अशी ही गोष्ट, आणि तिच्यातही रेषेचा आकार आधी गृहीत धरलेला नव्हता.

खिडकी किती मोठी ठेवायची?

५०० रुपये हा आकडा मी कुठून आणला? मीच ठरवला. याला बँडविड्थ म्हणतात, आपण खिडकी म्हणू. खिडकी फार लहान ठेवली तर प्रत्येक जागी एक-दोनच शेजारी सापडतात, आणि रेषा बैलगाडीच्या चाकोरीसारखी वर-खाली आदळत जाते. एखाद्या घरी त्या महिन्यात लग्न असेल तर तिथं उगाच टेकाड दिसतं. खिडकी फार मोठी ठेवली तर सगळं गावच शेजारी होतं, रेषा सपाट होत जाते आणि गरीब-सधन हा फरकच पुसला जातो.

मग योग्य खिडकी कशी निवडायची? एक सोपी पद्धत आहे: लपवा आणि ओळखा. एक घर झाकायचं, बाकीच्यांवरून त्याच्या कॅलरींचा अंदाज करायचा, किती चुकलं ते लिहून ठेवायचं. असं प्रत्येक घराचं करायचं. ज्या खिडकीत चूक सगळ्यात कमी, ती घ्यायची. याचं नाव क्रॉस-व्हॅलिडेशन. मशीन लर्निंगच्या व्हिडिओत हा शब्द ऐकला असेल, तोच हा.

काठावरचं घर

इथं एक खाचखळगा आहे, आणि आपल्या प्रश्नासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा. सगळ्यात गरीब घराला एकाच बाजूला शेजारी असतात. त्याच्याहून गरीब कोणी नाहीच, म्हणून सगळे शेजारी त्याच्यापेक्षा बरे. आपल्या यादीत १५०० ला हिशोब करून बघा. १५०० च्या घराचं वजन १, १८०० च्या घराचं ०.४. वजनदार सरासरी येते साधारण १७४३. खरा आकडा १७००. म्हणजे शेजाऱ्यांना विचारूनही गरीब घर जरा जास्तच खाताना दिसतं, कारण विचारलं ते बऱ्या परिस्थितीतल्यांनाच.

यावर उपाय असा: खिडकीत नुसती सरासरी काढायची नाही, खिडकीपुरती छोटी सरळ रेषा आखायची आणि ती त्या जागी काय सांगते ते घ्यायचं. आपल्या उदाहरणात १५०० ला ती बरोबर १७०० सांगते. याला लोकल लिनियर रिग्रेशन म्हणतात. ही पद्धत काठावर नीट का वागते, हे जियानचिंग फान यांनी १९९२ च्या सुमारास सिद्ध करून दाखवलं. म्हणजे सरळ रेषा वाईट नाही हो. अख्ख्या गावासाठी एकच आखली की ती बिघडते.

१९८३ चा ग्रामीण महाराष्ट्र

हे सगळं हवेतलं नाही, आणि त्याचं एक फार गाजलेलं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. शंकर सुब्रमण्यन आणि अँगस डीटन यांचा १९९६ चा लेख, 'जर्नल ऑफ पॉलिटिकल इकॉनॉमी'मधला. आकडे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ३८ व्या फेरीचे, म्हणजे १९८३ चे, आणि ग्रामीण महाराष्ट्रातल्या पाच हजारांहून जास्त घरांचे. डीटन यांना पुढे २०१५ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्या वेळी वाद पेटलेला होता. १९८७ मध्ये जेरे बेहरमन आणि अनिल देवलालीकर यांनी इक्रिसॅटनं अभ्यासलेल्या खेड्यांच्या आकड्यांवरून म्हटलं होतं की उत्पन्न वाढलं तरी कॅलरी जवळजवळ वाढत नाहीत. लोक जास्त पैसे जास्त खाण्यावर न घालता चवीच्या, महागड्या खाण्यावर घालतात. हे खरं मानलं तर 'लोकांचं उत्पन्न वाढवा, भूक आपोआप मिटेल' या विचाराचा पायाच हलतो.

सुब्रमण्यन आणि डीटन यांनी आकार आधी न ठरवता, खिडकीची पद्धत वापरून वक्र रेषा काढली. उत्तर आलं: घराचा खर्च १० टक्के वाढला तर कॅलरी ३ ते ५ टक्के वाढतात. शून्य नाही. जास्तीच्या पैशाचा एक भाग पोट भरायला जातो, आणि एक भाग महाग कॅलरीकडे जातो, म्हणजे ज्वारी-बाजरीकडून गहू, तांदूळ, तेल, साखर, दूध यांच्याकडे. त्यांनी अजून एक हिशोब मांडला: दिवसभराच्या कामाला लागणाऱ्या कॅलरींचा खर्च त्या आकड्यांत दिवसाच्या मजुरीच्या ५ टक्क्यांहूनही कमी होता. तेव्हा पोटाला पुरेसं नाही म्हणून काम होत नाही, आणि काम होत नाही म्हणून माणूस गरीब राहतो, हे चक्र त्या काळच्या ग्रामीण महाराष्ट्रासाठी पटण्यासारखं नव्हतं.

आणि अजून एक मजेशीर गोष्ट. टक्केवारीत पाहिलं, म्हणजे लॉग घेऊन, तर खर्च वाढत जाताना ही लवचिकता अगदी हळूहळूच उतरताना दिसली. म्हणजे लॉगमधली सरळ रेषा फार काही चुकीची नव्हती! मग एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण फरक आहे. आधी ती रेषा गृहीत धरलेली होती, आता ती तपासलेली झाली. नॉनपॅरामेट्रिक पद्धतीचा अर्धा उपयोग हाच: साधं उत्तर चालतंय की नाही, हे आकड्यांनाच विचारून घेणं.

शेजारी संपतात तेव्हा

आता सेमीपॅरामेट्रिककडे येऊ. कॅलरी फक्त खर्चावर थोड्याच ठरतात? घरात माणसं किती, लेकरं किती, घर शेतकऱ्याचं की मजुराचं, महिना कोणता, हे सगळं येतं. मग या सगळ्यात आपल्यासारखं असलेलंच घर शेजारी धरायचं का? ताडकळससारख्या मोठ्या गावातसुद्धा शोधून बघा: खर्च तेवढाच, माणसं तेवढीच, लेकरं तेवढीच, धंदा तोच, महिना तोच. शेवटी यादीत एकच घर उरेल, तुमचं स्वतःचं.

आकड्यांत सांगते. एका गोष्टीचे दहा भाग पाडले तर दहा खाने. दोन गोष्टी घेतल्या तर शंभर. पाच गोष्टी घेतल्या तर एक लाख खाने. पाच-सहा हजार घरं लाखभर खान्यांत वाटली की बहुतेक खाने रिकामेच राहणार. याला म्हणतात मितींचा शाप.

मधला मार्ग असा. ज्या गोष्टीचा आकार आपल्याला खरंच जाणून घ्यायचाय, इथं खर्च, तिला मोकळं सोडायचं. बाकीच्या गोष्टी साध्या सरळ हिशोबात बसवायच्या: एक माणूस वाढला की एवढा फरक, घर मजुराचं असलं की एवढा. अर्धं मोकळं, अर्धं बांधलेलं. म्हणून सेमी.

हे करायची पीटर रॉबिन्सन यांची १९८८ ची युक्ती नुसत्या वजाबाकीची आहे. आधी खिडकीनं बघा, या खर्चाच्या घरात साधारण किती कॅलरी असतात. मग बघा, या खर्चाच्या घरात साधारण किती माणसं असतात. प्रत्येक घराच्या कॅलरीतून पहिली सरासरी वजा करा, माणसांच्या संख्येतून दुसरी. खर्चाचा परिणाम दोन्हीकडून निघून गेला. जे उरलं त्यावर नेहमीचं सरळ रिग्रेशन करा, माणसांच्या संख्येचा परिणाम मिळतो. तो कॅलरीतून काढून टाका आणि पुन्हा खिडकी फिरवा, की खर्चाची शुद्ध वक्र रेषा हातात.

याचं जुनं प्रसिद्ध उदाहरण विजेचं आहे. रॉबर्ट एंगल, क्लाइव्ह ग्रेंजर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतली विजेची विक्री आणि तापमान यांचा संबंध असाच काढला. तिकडे थंडी वाढली तरी वीज जास्त लागते आणि ऊन वाढलं तरी. सरळ रेषेला हे कसं सांगता येणार? आपल्याकडे पाऊस आणि पिकाचंही तसंच. पाऊस कमी पडला तरी सोयाबीन जातं, आणि काढणीच्या वेळी धो-धो पडला तरी जातं. 'पाऊस वाढला की उत्पादन एवढं वाढतं' हे एकच वाक्य मराठवाड्यातला कोणताही शेतकरी हसून उडवून लावेल.

या पद्धतीनं काय होत नाही

आता थोडं सावध करते. एक, वक्र रेषा कितीही सुंदर आली तरी ती कारण सांगत नाही. जास्त खर्च करणारं घर जास्त खातं हे दिसलं. पैशामुळे खातं की त्या घरात अंगमेहनत जास्त आहे म्हणून, हे वेगळं शोधावं लागतं.

दोन, मोजणीतली चूक खिडकीनं जात नाही. सधन घरात आणलेलं सगळं धान्य घरच्यांच्याच पोटात जात नाही. सालगडी जेवतो, पाहुणे जेवतात. गरीब घरातला माणूस कधी मालकाकडे जेवतो. हे धरलं नाही तर सधन घर जास्त खाताना दिसणार आणि गरीब घर कमी, पद्धत कुठलीही वापरा.

तीन, कॅलरी म्हणजे पोषण नाही. पोट भरलं तरी रक्त कमी असू शकतं. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी शक्ती' ही लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी काढली ती याचसाठी. भाकरी तीच, कॅलरी जवळपास तेवढ्याच, पण अंगाला लागणारं वेगळं. ग्राफच्या उभ्या अक्षावर काय ठेवायचं, हा निर्णय कोणतंही सॉफ्टवेअर तुमच्यासाठी घेत नाही.

आणि चार, ज्या जागी घरंच नाहीत तिथं ही पद्धत काही सांगू शकत नाही. सरळ रेषा तिथंही बिनधास्त बोलत राहते. मला तर हा या पद्धतीचा गुणच वाटतो.

स्वतः करून बघायचं असेल तर

'आर' आणि 'पायथन' दोन्ही फुकट आहेत. 'आर'मध्ये 'लोएस' नावाची आज्ञा आधीपासूनच असते, वेगळं काही उतरवावं लागत नाही. घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षण २०२२-२३ चा घरनिहाय डेटा केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या साइटवर नोंदणी करून मिळतो. लॅपटॉप नसेल तर आजची सात घरं वहीत लिहा. खिडकी ५०० ऐवजी १००० ठेवा आणि १५०० च्या घराचा अंदाज काढा. तो वर सरकतो की खाली, आणि का, हे स्वतःशी सांगून बघा. ते जमलं तर आजचा भाग तुम्हाला कळला.

आणि पुढच्या वेळी बातमीत कुणी म्हणालं, "उत्पन्न एवढं वाढलं की अमुक एवढं वाढतं," तर एक प्रश्न विचारा: कुणाचं? हा आकडा दीड हजारवाल्या घराचा आहे, की सहा हजारवाल्याचा, की दोघांना एकाच पट्टीवर ठेवून काढलेला?

पुढच्या भागात पीक विमा आणि पीक कापणी प्रयोग. मोजक्या शेतांतल्या कापणीवरून अख्ख्या मंडळाचं उत्पादन कसं ठरवतात, ते बघू. तोपर्यंत वहीतलं गणित करून व्हॉइस नोट पाठवा. भेटू!